फोटोसाठी ताट वाढताना: मराठी पदार्थांचं फूड स्टायलिंग

कढीलिंब

फूड स्टायलिंग शिकायला बसलं की समोर येतात ते बर्गर, पॅनकेक आणि आइस्क्रीमचे गोळे. आपला पदार्थ वेगळ्या जातीचा आहे. तो ओला असतो, रंगाने पिवळा नाहीतर तपकिरी, आणि वाटीत बुडालेला. त्यासाठी लागणाऱ्या युक्त्या एका जागी असाव्यात म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावा.

सगळ्यात आधी एक गोष्ट. निम्मं स्टायलिंग कढईतच होतं. खाण्यासाठी केलेला पदार्थ मुरायला हवा, फोटोसाठी केलेला मुरला की संपला. म्हणून फोटोची भाजी पाऊण शिजवायची, रस्सा आणि फोडी वेगळ्या ठेवायच्या आणि दोन्हींची गाठ ताटलीत घालायची. घरच्यांसाठी केलेल्या पातेल्यातून एक वाटी काढून तिचा फोटो घेतला की बटाट्याच्या कडा विरघळलेल्या, मटार आक्रसलेले आणि कोथिंबीर काळी दिसते, ती यामुळेच.

दुसरं, दोन ताटल्या लावायच्या. एक खरी, जिला या धंद्यात 'हिरो' म्हणतात, आणि एक नकली, म्हणजे 'स्टँड-इन'. उजेड, कोन, वाटीची जागा, फोकस हे सगळं नकलीवर ठरवायचं. तिच्यात कालची उसळ असली तरी चालते, मात्र भांडं तेच हवं आणि भरण्याची पातळीही तीच. सगळं जमलं की नकली उचलायची आणि तिच्या जागी हिरो. जागा हलू नये म्हणून ताटलीच्या कडेला फ्रेमबाहेर चिकटपट्टीच्या दोन खुणा करून ठेवायच्या.

हाताशी लागणारं सामान: टोकदार चिमटा, दोन बारीक रंगाचे ब्रश, औषधाचा ड्रॉपर, इअरबड, टूथपिक, छोटी कात्री, पाण्याची स्प्रे बाटली, ग्लिसरीन, टिश्यू आणि भिजवलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा. कणीक कशाला? वाटी कॅमेऱ्याकडे किंचित कलती करायची असेल तर मागच्या बाजूने तळाखाली चपटा गोळा दाबायचा. वाटी घसरत नाही आणि काम झालं की पुसून टाकता येते.

खिडकीपाशी

छान धागा. उजेडाबद्दल लिहितो.

खिडकी एकच ठेवा, घरातले बाकीचे दिवे बंद. ट्यूबलाइट चालू राहिली तर भात एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला हिरवट दिसतो, आणि ते नंतर कुठल्याही अ‍ॅपमध्ये नीट सुटत नाही. खिडकीला पातळ पांढरं मलमल किंवा ट्रेसिंग पेपर लावा. ताटली खिडकीपासून दोन-तीन फुटांवर. उजेड बाजूने किंवा मागच्या बाजूने यावा. घड्याळाच्या भाषेत, कॅमेरा ६ वर असेल तर खिडकी ९ ते ११ च्या दरम्यान. समोरून उजेड पडला की रश्शाची चमक जाते आणि पदार्थ सपाट दिसतो.

खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की सावल्या उजळतात. तिथेच काळा चार्ट पेपर लावला तर सावल्या गडद होतात. बाजरीची भाकरी, ठेचा, काळ्या मसाल्याची आमटी यांना काळा कागद शोभतो. श्रीखंड, मोदक, दहीभाताला पांढरा.

पुस्तकांत 'उत्तरेची खिडकी सर्वोत्तम' असं लिहिलेलं असतं. ते युरोपातलं गणित आहे, तिथे भर दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेला असतो. मुंबईच्या अक्षांशावर मे-मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यही उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि सबंध उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत येतं. मलमल त्या खिडकीलाही ठेवा.

पावसाळ्यात एलईडी वापरणार असाल तर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९५ च्या वरचा घ्या. स्वस्त दिव्यात लाल रंग मरतो, आणि तर्री विटकरी दिसते. फोटोत आडवे पट्टे आले तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे या वेगांवर दिव्याची लुकलुक पकडली जात नाही.

एफ_आठ

खिडकीपाशींशी सहमत. कोनांची भर घालतो.

पूर्ण ताट असेल तर थेट वरून, ९० अंश. वाटीतला पदार्थ असेल तर ४५. थर असलेला पदार्थ, म्हणजे वडापाव, दाबेली, घडी घातलेल्या पुरणपोळ्यांची चळत, जवळजवळ डोळ्याच्या पातळीवरून, ० ते १५ अंश. वडापावचा फोटो वरून काढणं म्हणजे पावाच्या पाठीचा फोटो काढणं.

वरून काढताना एफ/८ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा तितकं जास्त खोलीपर्यंत स्पष्ट), म्हणजे पापडापासून वाटीच्या तळापर्यंत सगळं स्पष्ट येईल. ४५ अंशांत एफ/४ ते एफ/५.६ पुरे. एफ/१.८ वर मिसळ काढली तर एक मटकी स्पष्ट येते आणि बाकी सगळा धूर. कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० ते ४००, शटर किती का संथ होईना. पदार्थ काही पळून जात नाही.

मोबाइलवाल्यांसाठी: रुंद लेन्स जवळ नेऊ नका, गोल ताट अंड्यासारखं होतं. दोन पट किंवा तीन पट लेन्स वापरा आणि मागे सरका. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. त्याला कोथिंबिरीची कड आणि मागची फरशी यातला फरक कळत नाही, पानं अर्धवट पुसली जातात.

हळदीचा पिवळा हा कॅमेऱ्याचा शत्रू. फोटोतला लाल रंगाचा हिस्सा (लाल चॅनल) आधी भरून वाहतो आणि बटाट्याच्या भाजीचा पिवळा लगदा दिसतो, फोडींच्या कडा नाहीशा होतात. उपाय दोन. हळद नेहमीच्या निम्मी घाला, आणि फोटो एक-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) अंधारा घ्या. संपादनात सगळ्याच रंगांचा गडदपणा (सॅच्युरेशन) कमी करू नका, फक्त पिवळ्याचा १०-१५ ने उतरवा.

ठेचा_भाकर

मिसळीचं कोणी लिहील का? फरसाण दर वेळी पेंड होऊन बसतं, आणि तर्री एक तर दिसतच नाही, नाहीतर सगळी वाटी तेलकट दिसते.

कढीलिंब

मिसळ सविस्तर लिहिते. ही जमली तर बाकीचे निम्मे पदार्थ जमतात.

मटकीला मोड अर्धा इंच आले की थांबवा. लांब मोड शिजल्यावर तुटतात आणि वाटीत गांडुळासारखे दिसतात. मटकी कुकरला लावू नका. उकळत्या मीठ-पाण्यात ६-७ मिनिटं, दाणा अख्खा राहील इतपत, मग चाळणीवर निथळा. रस्सा वेगळा शिजवा आणि गाळून घ्या. वाटणातलं खोबरं वर तरंगलं की रस्सा फुटल्यासारखा दिसतो.

तर्री तिसऱ्या भांड्यात. अर्धी वाटी तेल गरम करून गॅस बंद करायचा, दीड-दोन मिनिटं थांबायचं, मग दोन चमचे ब्याडगी किंवा काश्मिरी तिखट. धूर येणाऱ्या तेलात तिखट घातलं तर ते करपून तपकिरी होतं, मग कितीही घाला, लाली येत नाही. पाच मिनिटांनी मलमलमधून गाळा. खाली राहिलेला गाळ फोटोत काळे ठिपके होऊन दिसतो.

आता वाढणी. खोलगट वाटीच्या तळाशी उकडून कुस्करलेला बटाटा, वाटीच्या निम्म्या उंचीपर्यंत. तो मिसळीत तसाही असतोच, त्यामुळे कोणाला फसवलं असंही नाही. त्यावर निथळलेली मटकी, मध्ये उंचवटा ठेवून. कडेने रस्सा ओता, काठाच्या खाली अर्धा सेंटीमीटर येईपर्यंत. मटकीच्या डोंगरावर ओतू नका, सगळी एका रंगाची होते. मग ड्रॉपरने तर्री, फक्त कडेकडेने, दहा-बारा थेंब. ते एकमेकांत मिसळून लाल किनार तयार होते. जास्त झाली तर टिश्यूचं टोक टेकवून उचलून घ्या.

इथपर्यंत सगळं सावकाश चालतं. पुढे घाई. फरसाण ठेवल्यापासून तुमच्याकडे फार तर दीड मिनिट. शेव आधी, तिच्यावर जाड गाठी आणि पापडी. कारण शेव खालून ओल शोषत राहते आणि वरची पापडी तेवढा वेळ कोरडी राहते. मग कांदा. चिरल्यावर थंड पाण्यात धुऊन फडक्यावर कोरडा केलेला, म्हणजे पाणी सुटत नाही. कोथिंबिरीची सुटी पानं चिमट्याने. लिंबाची फोड शेवटी. लिंबू कापल्यावर पाच मिनिटांत वरचा गर सुकतो, म्हणून शेवटी कापा आणि ब्रशने पाणी लावा.

रवाळ

+१. फक्त एक. कोथिंबीर आधी दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि कोरडी करा. मग ती गरम रश्शावर दोन-तीन मिनिटं जास्त तग धरते.

ठेचा_भाकर

वाचनखूण साठवली. पाव?

कढीलिंब

पाव मागे, थोडा धूसर. लादीच्या मधला घ्या, कडेचा नको, कडेच्याला एक बाजू कडक असते. बोटांचे ठसे उठतात म्हणून बाजूने धरा. वरचा तजेला गेला असेल तर ब्रशने तेलाचा अगदी पुसट हात.

पाटावरची

ताटाबद्दल एक आग्रहाचं सांगणं. सणाच्या ताटाचे फोटो बघवत नाहीत असे येतात, कारण डावं-उजवं उलटं झालेलं असतं.

मीठ वर मध्यभागी. त्याच्या डावीकडून खाली लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, उसळ, आमटीची वाटी. जेवणाऱ्याच्या बाजूला मध्ये भाताची मूद, वर वरण आणि तूप. घरोघरी थोडा फरक असतो, पण चटणी उजवीकडे आणि भाजी डावीकडे कुठल्याच घरात नाही. केळीचं पान असेल तर निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला.

आता फोटोतली गोम. वरून फोटो काढणारा बरेचदा ताटाच्या समोरच्या बाजूला उभा राहतो, आणि मग सगळं ताट डोक्यावर उभं. जेवणारा बसेल त्या बाजूने उभे राहा. दुसरी गोम, रचना बरी दिसावी म्हणून संपादनात फोटो आडवा पलटवतात. पलटवला की मिठाची जागा तीच राहते आणि डावं-उजवं मात्र बदलतं. पुढच्या कॅमेऱ्याने काढला तरी काही मोबाइल तोच घोळ घालतात. ताटाचा फोटो कधीही पलटवू नका.

मुदीसाठी आंबेमोहर चांगला, धरून राहतो. शिजल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा, वाटीला आतून तुपाचा हात, भात हलकेच दाबा. घट्ट दाबला की शितं मोडून इडली होते. वरण नेहमीपेक्षा घट्ट हवं. मुदीच्या डोक्यावर चमच्याने खळगा करा, एक मोठा चमचा वरण, ते एका बाजूने सावकाश ओघळू द्या. थांबलं की तूप. वरणावर साय धरते, तेव्हा फोटोआधी गरम पाण्याचा एक थेंब घालून चमच्याच्या पाठीने फिरवा.

नवशी_गवशी

स्टीलच्या ताटात मोबाइल आणि माझे हात दिसतात. पोलरायझर फिल्टर घेतला तर जाईल का ते?

एफ_आठ

नाही. हा फार मोठा गैरसमज आहे. पोलरायझर पाण्यावरची, तेलावरची, रंगवलेल्या लाकडावरची चमक कापतो. धातूवरून परतणारा उजेड तसा ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) होत नाही, त्यामुळे स्टीलवर त्याचा जवळजवळ काही उपयोग नाही. उलट तर्रीची आणि तुपाची हवीशी चमक मात्र जाईल.

स्टील आरशासारखं वागतं, तेव्हा आरशाला काय दाखवायचं ते ठरवा. वरच्या बाजूला पांढरी चादर ताणा आणि लेन्सपुरतं भोक ठेवा. ताटात चादर दिसेल, म्हणजे स्वच्छ पांढरटपणा. वाट्यांच्या कडांना काळी रेघ हवी असेल तर बाजूला काळ्या कागदाची पट्टी उभी करा. एवढा व्याप नको असेल तर कांस्याचं किंवा जुनं, घासून मंद झालेलं पितळेचं ताट घ्या. पितळेत आमटी, कोशिंबीर असं आंबट मात्र थेट वाढू नका, कल्हईची वाटी नाहीतर द्रोण ठेवा.

खिडकीपाशी

पार्श्वभूमीसाठी शहाबादी फरशीला तोड नाही. राखाडी, मंद, स्वस्त. कडप्पा घोटलेला असेल तर तोही आरसा होतो, त्याची उलटी खरबरीत बाजू वापरा. रांगोळी काढणार असाल तर आधी काढा, मग ताट ठेवा, आणि पंखा बंद. रांगोळीचे कण ताटात उडले तर ते ताट कोणी खाऊ नये.

रवाळ

गोडाचं माझ्याकडे.

उकडीच्या मोदकाच्या पाकळ्या वाफेत सैलावतात. खाण्याच्या मोदकाला ज्या खोल वाटतात त्या वाफवल्यावर उरत नाहीत. म्हणून फोटोच्या मोदकाला कळ्या जास्त दाबून, पातळ आणि जवळजवळ घ्या. उकड चांगली मळलेली हवी. कोरडी राहिली तर पाकळीच्या मुळाशी भेग जाते आणि तिथून सारणाचा गूळ झिरपतो, पांढऱ्यावर तो तपकिरी डाग लपत नाही. पातेल्याच्या झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर थेंब पडून टोकं बसतात. बाहेर काढल्यावर दोनेक मिनिटं जी ओली चमक असते तीच खरी. ती गेली की ब्रशने कोमट तूप, पण अगदी पुसट. जास्त झालं तर मोदक मेणाचा दिसतो.

केशराची काडी कोरडीच ठेवा. दुधात भिजवलेली ठेवली तर पाच मिनिटांत तिच्याभोवती नारिंगी डाग पसरतो. श्रीखंडावर तर फारच. श्रीखंड दहा-पंधरा मिनिटांत वरून सुकून बारीक भेगा देतं, वाढेपर्यंत ओलं फडकं झाका. वळणदार लाट हवी असेल तर चमचा गरम पाण्यात बुडवून, पुसून, एकाच फटक्यात ओढा. पुन्हा दुरुस्त करायला गेलात की बिघडतं.

पुरणपोळीवर जळक्या पिठाचे काळे कण असतात, ते कोरड्या ब्रशने झटका आणि मगच तूप लावा. आतलं पुरण दाखवायचं तर कोमट असताना हाताने फाडा. सुरीने कापली की कड दाबली जाऊन पुरण झाकलं जातं.

तुपाच्या धारेचा फोटो: तूप साधारण ३५ अंशांखाली घट्ट व्हायला लागतं, तेव्हा एसी खोलीत धार तुटते. ४५-५० पर्यंत गरम करा, त्याहून कडकडीत केलं तर पाण्यासारखं पातळ पडतं. उजेड मागून. शटर १/५०० च्या वर.

ठेचा_भाकर

वाफेसाठी उदबत्ती ठेवतात असं ऐकलंय.

खिडकीपाशी

ठेवतात आणि कळून येतं. उदबत्तीचा धूर निळसर असतो, सरळ रेघेत वर जाऊन वळसे घेतो. वाफ पांढरी, पसरट, आणि वीतभर वर जाईपर्यंत विरते. शिवाय आमटीला चंदनाचा वास लागतो.

खरी वाफ दिसण्यासाठी तीन गोष्टी लागतात: मागे गडद पार्श्वभूमी, मागून उजेड, आणि खोली थंड. पंखा बंद. तरी पुरत नसेल तर कापसाचे दोन-तीन बोळे ओले करून मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर तापवा आणि वाटीच्या मागे लपवा. साधारण मिनिटभर वाफ मिळते. चिमट्याने उचला, भाजतं.

नवशी_गवशी

हिरवी चटणी काळपट का होते? लिंबू पिळूनही.

कढीलिंब

लिंबू पिळलं म्हणूनच काही अंशी. आंबटाने कापल्या पानाचं काळं पडणं मंदावतं हे खरं, पण तेच आंबट हिरव्या रंगाचं हरितद्रव्य मोडतं आणि चटणी हळूहळू मेंदीच्या रंगाला जाते. फोटोसाठी कोथिंबीर उकळत्या पाण्यात दहा सेकंद, लगेच बर्फाच्या पाण्यात, पिळून बर्फाच्या तुकड्यासह वाटा. लिंबू फोटो झाल्यावर.

सोलकढीलाही घाई करा. कोकमाच्या आंबटाने नारळाचं दूध हळूहळू फुटून वर कवड्या येतात. घट्ट दूध आणि कोकमाचं पाणी दोन्ही थंड ठेवा, पेल्यातच एकत्र करा, दहा मिनिटांत उरका. पेल्याबाहेरचे दवबिंदू हवे असतील तर ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून स्प्रे करा, थेंब तासभर हलत नाहीत. सोलकढीच्या पातळीच्या वरच्या काचेला आधी चिकटपट्टी लावा आणि स्प्रे झाल्यावर काढा. थंड पेय नसलेल्या भागावर दव धरत नाही, तिथे थेंब दिसले की नजर अडखळते.

पाटावरची

हे ग्लिसरीन, चिकटपट्टी, कापूस ठीक. पण पुढे लोक पॅनकेकवर इंजिन ऑइल आणि साय म्हणून दाढीचा फेस इथवर जातात. पाककृतीच्या लेखात असा फोटो लावला तर वाचणाऱ्याच्या घरी तसा पदार्थ कसा होणार?

एफ_आठ

त्यावर कायद्याची बाजू आहे. अमेरिकेत कॅम्पबेल सूपच्या जाहिरातीत भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या. फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला आणि १९७० साली असं पुन्हा न करण्याच्या बोलीवर प्रकरण मिटलं. गोट्या खोट्या नव्हत्या, भाज्याही त्याच सुपातल्या होत्या. भाज्या आहेत त्याहून जास्त भासल्या, आक्षेप एवढाच. आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे.

म्हणून व्यवहारातली रेघ अशी: जो पदार्थ विकला जातोय तो स्वतः खरा आणि तेवढाच. श्रीखंडाची जाहिरात असेल तर श्रीखंड खरं, शेजारच्या पेल्यातला बर्फ अ‍ॅक्रिलिकचा चालेल. हॉटेलच्या मेनूसाठी काढत असाल तर तिथल्याच वाटीत, तिथलंच माप. मिसळीखाली बटाटा घालायचा असेल तर हॉटेलच्या मिसळीत तो तेवढाच असला पाहिजे. नसेल तर उथळ वाटी निवडा, उंचवटा आपोआप दिसतो.

कढीलिंब

हे बरोबर. वरच्या माझ्या बटाट्याला एवढी दुरुस्ती जोडून वाचावी.

नवशी_गवशी

सरावाला कुठून सुरुवात करावी?

रवाळ

कांदेपोहे. सामान स्वस्त, चुका सगळ्या दिसतात. जाडे पोहे चाळणीत धुऊन निथळा, भिजत घालू नका. परतल्यावर झाकण ठेवून एकच वाफ. ताटलीत चमच्याने सोडत जा, थापू नका. दाणे आणि कढीपत्ता वेगळे तळून ठेवा आणि वरून चिमट्याने लावा, सगळे एका ओळीत नकोत. ओलं खोबरं लांब किसलेलं, शेवटी.

एकाच ताटलीचे तीन कोनांतून, खिडकी डावीकडे, मागे आणि समोर, असे नऊ फोटो घ्या. मग पाच मिनिटं थांबा आणि तेच नऊ पुन्हा. पोहे कुठे सुकले, खोबरं कुठे पिवळं पडलं, कोथिंबीर कधी लवली ते दोन्ही संच शेजारी ठेवल्यावर दिसतं.

ठेचा_भाकर

भाकरीवरचं लोणी फोटो काढेपर्यंत वितळून जातं, त्याचं काही?

पाटावरची

लोण्याचा गोळा बर्फाच्या पाण्यात अर्धा तास. भाकरी तव्यावरून काढून दोन-तीन मिनिटं उभी करून ठेवायची, वाफ गेली पाहिजे. तव्यावरून थेट ताटलीत टाकली तर खालून घाम धरते. गोळा ठेवल्यावर तापलेल्या चमच्याची पाठ त्याच्या एकाच बाजूला क्षणभर टेकवा. तेवढीच कड वितळून ओघळते, बाकी गोळा तसाच राहतो.

ठेचा_भाकर

जमलं. ओघळ कॅमेऱ्याच्या बाजूला घ्यायचा ना?

पाटावरची

हो, आणि उजेड मागून.